लहान ट्रॅक्टरला झेपेल एवढंच

दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी यंत्राकडे बघायचं आणि मी आधी गिऱ्हाइकाच्या चपलांकडे. चपलेला काळी चिकण माती असली तर एक विचार, मुरूम असला तर दुसरा, आणि चप्पल कोरी असली तर माणूस शेत बघायला रविवारी जातो असं धरून चालायचं. हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्याला शेती अवजारांचं दुकान होतं. तिथे मी टायपिस्ट म्हणून लागले. विक्रीचा माणूस सोडून गेला तेव्हा शेठनी "चार दिवस सांभाळा" म्हणून काउंटरवर बसवलं. ते चार दिवस मी निवृत्त होईपर्यंत संपले नाहीत.

सुरुवातीला शेतकरी यायचे, माझ्याकडे बघायचे आणि मालक कुठे गेलेत म्हणून विचारायचे. मी सांगायचे, जेवायला. मग ते बाकावर बसून राहायचे. मालक जेवून येईपर्यंत त्यांना काय हवंय ते मी गप्पांत काढून घेतलेलं असायचं. पुढे पुढे मालक समोर बसलेले असले तरी लोक "कांबळेबाई कुठं गेल्यात?" असं विचारू लागले. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत वाढलेली, माहेरी सासरी कुठेच गुंठाभर जमीन नसलेली मी शेतकऱ्यांना अवजारं सुचवते, याचं माझ्या आईला फार नवल वाटायचं. हिच्या हातून डब्यातली कोरफडसुद्धा जगत नाही, असं ती येईल त्याला सांगायची.

अवजारांत माझा जीव लागला तो गवत कापायच्या यंत्रांवर, आणि तीही लहान ट्रॅक्टरला लावायची. लोकांना रोटाव्हेटर माहीत असतो. तो जमीन उकरतो. गवत कापायचं यंत्र जमिनीला हात लावत नाही, वरच्यावर भादरतं. त्यातही दोन जाती. स्लॅशरमध्ये पत्र्याच्या झाकणाखाली मोठी पाती आडवी गरगर फिरतात, छताच्या पंख्यासारखी. दणकट काम. मनगटाएवढं झुडूपसुद्धा जातं, पण पात्याखाली दगड आला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. मल्चरमध्ये एका लोळ्यावर, म्हणजे आडव्या जाड लोखंडी नळीवर, लहान लहान पाती लोंबकळत असतात. लोळा फिरला की ती गवताचा भुगा करून तिथेच पसरतात. दगड फार लांब उडत नाही, पण यंत्र जड आणि ट्रॅक्टरची ताकद जास्त खाणारं.

गिऱ्हाईक विचारतं, "यातलं चांगलं कोणतं?" या प्रश्नाला उत्तर नसतं. ट्रॅक्टर केवढा, इंजिनाची ताकद मागच्या फिरत्या दांड्यापर्यंत किती पोचते, मागची चाकं बाहेरून बाहेर किती रुंद, गवत कसलं, गवताखाली काय लपलंय, शेजारी कोण राहतं आणि सगळ्यात शेवटी, चालवणार कोण, हे कळल्याशिवाय मी यंत्राला हात लावू देत नसे. एकदा बाणेरचे एक गृहस्थ फोनवरचा फोटो दाखवून म्हणाले, "हे द्या." मी ट्रॅक्टर कोणता म्हणून विचारलं. ते म्हणाले, "तो पुढच्या महिन्यात घेणार आहे." त्यांना मी चहा दिला आणि पुढच्या महिन्यात बोलावलं. ते आले, आणि मोठे छान गृहस्थ निघाले.

पण मला सांगायचंय ते सोपानआण्णा आणि आगाशेबाई यांच्याबद्दल. दोघं एका गाडीतून आले होते. गाडी आगाशेबाई चालवत होत्या, आणि आण्णा मागच्या सीटवर दार धरून बसले होते.

आण्णा मांजरीचे. सत्तरीच्या पुढचे, धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल. आजूबाजूच्या लोकांनी जमिनी देऊन टाकल्या, तिथे इमारती उभ्या राहिल्या, तरी आण्णांचा ऊस चालूच होता. उसाच्या सरीतून जाईल असा लहान ट्रॅक्टर त्यांच्याकडे होता. उसाच्या आणि नव्या सोसायटीच्या भिंतीच्या मध्ये त्यांचीच एक पट्टी पडीक राहिली होती, कारण तिथे पाणी चढत नव्हतं. तिच्यात गाजर गवत आणि घाणेरी माजली होती. आगाशेबाई त्या सोसायटीच्या सेक्रेटरी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, सदाशिव पेठ सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या. पेठ सोडली तरी जीभ बरोबर आणली होती.

मी काय अडचण आहे म्हणून विचारल्यावर त्या म्हणाल्या, "यांच्या गवतातून आमच्या पार्किंगमध्ये घोणस आली. तिच्याकडे पार्किंगचा स्टिकर नव्हता."

आण्णा शांतपणे म्हणाले, "घोणस आधीपासून हितंच हाय, बाई. पार्किंग नवीन हाय."

भांडण बरेच दिवस चाललं असावं, कारण दोघांनाही एकमेकांची वाक्यं पाठ होती. शेवटी असं ठरलं होतं, की गवत आण्णांनी त्यांच्या ट्रॅक्टरने कापायचं, यंत्राला सोसायटीने हातभार लावायचा आणि कापलेल्या जागेत सोसायटीतल्या मुलांना खेळू द्यायचं. कोणतं यंत्र यावरून मात्र वाद. आण्णांना दुकानातला सगळ्यात मोठा स्लॅशर आवडला. घ्यायचं तर गावात उठून दिसेल असं घ्यायचं. आगाशेबाईंना सगळ्यात लहान हवं होतं, कारण त्याचा आवाज कमी असेल. शेठना वेगळंच हवं होतं. तो मोठा स्लॅशर बरेच दिवस पडून होता. मला आत बोलावून ते म्हणाले, गिऱ्हाईक स्वतः मागतंय तर तुमचं काय जातं?

मी म्हटलं, आधी रान बघते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या पट्टीत उतरलो. पुढे आण्णा काठीने गवत बाजूला करत होते, मधे मी, मागे आगाशेबाई सुनेचे गमबूट घालून. थोडं आत गेल्यावर काठी टणकन वाजली. गवताखाली सळईचे तुकडे, विटांची अर्धुकं, फरशीचे कपचे आणि तारेची भेंडोळी पडली होती. इमारत बांधताना उरलेलं सगळं भिंतीपलीकडे टाकून दिलं होतं आणि त्यावर गवत आलं होतं. मी वर बघितलं. भिंतीला लागून सोसायटीच्या गॅलऱ्या होत्या. एकीत एक बाळ दोरीवर वाळत घातलेल्या लंगोटांखाली रांगत होतं.

तिथेच मी दोघांना सांगितलं, की इथे स्लॅशर चालणार नाही. आण्णा रुसले. मग मी त्यांच्या ट्रॅक्टरजवळ गेले आणि दाखवलं. एवढं रुंद यंत्र मागे उचललं की ट्रॅक्टरचं नाक वर येणार, पुढची चाकं हवेत, स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. फार अरुंद घेतलं तर चाकांनी दाबलेलं गवत दोन्ही कडांना तसंच उभं राहणार. मागच्या चाकांपेक्षा वीतभर जास्त रुंद, हलक्या बांध्याचा मल्चर घ्यायचा, थोडा एका बाजूला सरकवता येईल असा, म्हणजे भिंतीच्या कडेचं गवतही निघेल. घाणेरीची जाड खोडं आधी कोयत्याने काढायची. आणि त्याच्याही आधी हे सगळं भंगार वेचायचं.

"वेचणार कोण?" आण्णांनी विचारलं.

आगाशेबाई म्हणाल्या, "ज्यांच्या इमारतीचं आहे ते."

त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण रविवारी सकाळी आयटीतली पोरं, त्यांच्या बायका आणि दोन आजोबा हातमोजे घालून हजर होते. आण्णांच्या बायकोने, माईंनी, सगळ्यांना पिठलं-भाकरी घातली. शेजारी राहून एकमेकांची नावं माहीत नसलेली माणसं त्या दिवशी एका पंगतीला बसली.

यंत्र ठरलं. आता खरी अडचण आली, आणि ती आण्णांच्या धोतराची होती.

ट्रॅक्टरचा फिरता दांडा आणि यंत्र यांना जोडणारा एक शाफ्ट असतो. इंजिन चालू असताना तो इतक्या वेगाने फिरतो की फिरतोय हे डोळ्याला कळत नाही. त्यावर प्लास्टिकचं कव्हर असतं. बहुतेक लोक पहिलं ग्रीस भरताना ते काढतात आणि नंतर कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरतात. मी आण्णांना सांगितलं, की कव्हर काढायचं नाही, खांद्यावर टॉवेल ठेवायचा नाही आणि धोतर नेसून हे यंत्र चालवायचं नाही.

"म्हंजी काय नेसून चालवायचं?"

"पँट."

आण्णा उठून उभेच राहिले. आख्खी हयात धोतरात गेली, ट्रॅक्टरही धोतरातच शिकलो, आता या वयात पँट घालून वेशीतून गेलो तर म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतील, असं ते बराच वेळ बोलत होते. शेठ मला खुणा करत होते, की सोडा आता.

मग मी एक जुनी गोष्ट सांगितली. दुकानात ती मी कुणाला फारशी सांगत नसे. मी काउंटरवर नवीनच होते. यवतच्या बाजूचा एक तरुण शेतकरी, निवृत्ती त्याचं नाव, त्याने आमच्याकडून मळणी यंत्र नेलं होतं आणि ते चालताना बघायला मला आग्रहाने बोलावलं होतं. मी गेले. त्याने मला बांधावर घोंगडी टाकून दिली, स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. मग पलीकडे काहीतरी द्यायला म्हणून तो वळसा न घेता शाफ्टवरून ओलांडून निघाला. गळ्यातल्या टॉवेलचं टोक खाली लोंबत होतं. मला ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. निवृत्ती वाचला, उजवा हात गेला. पुढे तो कधीमधी दुकानात यायचा. दारातूनच डाव्या हाताने नमस्कार करायचा, आणि मी उठून उभी राहायचे. का, ते शेठनाही कळायचं नाही.

आण्णा ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आता काय करतो त्यो?"

"शेतीच करतो."

आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि मांडीवर ठेवला. म्हणाले, "शिवा पँट."

तयार पँट त्यांना चालणार नव्हती, म्हणून मी त्यांना आमच्या कसब्यातल्या गल्लीत नेलं. आगाशेबाईही आल्या, कारण गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी त्यांचीच होती. पुढे चालतच जावं लागतं. आमचे शिंपी गफूरभाई. मी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं, की पायाशी अरुंद हवी, कुठे काही लोंबता कामा नये. आण्णा फळीवर चढून उभे राहिले, जसं काही डॉक्टरकडे आलेत. पट्टा नको, नाडी हवी. खिसा चंचीच्या मापाचा. शेवटी म्हणाले, "पायाला आवळ आन् पोटाला सैल ठेवा."

गफूरभाई माप घेता घेता म्हणाले, "आण्णा, या वयात सगळ्यांची तीच मागणी असते."

आगाशेबाई हसल्या. त्या हसू शकतात हे आण्णांना तेव्हाच कळलं, असं ते पुढे सांगत.

पहिल्यांदा यंत्र चालवलं त्या दिवशी गॅलऱ्या भरल्या होत्या. मी सगळ्यांना दारं लावून आत जायला सांगितलं. कुणी गेलं नाही. आगाशेबाईंनी एकदाच वर बघितलं आणि सगळे गेले. आण्णा करड्या पँटमध्ये, टोपी घट्ट बसवून ट्रॅक्टरवर चढले. माई दाराआडून बघत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. ट्रॅक्टर हळू गिअरमध्ये टाकला, इंजिनाचा आवाज वाढवला, मल्चर खाली टेकवला. मागे हिरवा भुगा पडायला लागला. गाजर गवताचा उग्र वास सुटला. जिथे माणूस दिसत नव्हता तिथे पलीकडचा ऊस दिसायला लागला.

अर्धं रान झाल्यावर मल्चरचे रबरी पट्टे किंचाळले आणि यंत्र अडलं. वेचताना राहिलेलं तारेचं एक भेंडोळं लोळ्यात गेलं होतं. अशा वेळी शेतकरी काय करतो ते मी आयुष्यभर बघितलंय. इंजिन तसंच ठेवून टुणकन खाली उतरतो आणि हात घालतो. मी पट्टीच्या दुसऱ्या टोकाला होते, हाक पोचली नसती.

आण्णांनी दांड्याची कळ बंद केली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात टाकली. लोळा पुरता थांबेपर्यंत सीटवर तसेच बसून राहिले, चंची काढून तंबाखू मळली. मग उतरले, पक्कड मागितली आणि तार एकेक वेढा कापून बाहेर काढली. आमच्या धंद्यात काही घडलं नाही तर ते कुणाला सांगता येत नाही. मी बाजूला जाऊन डोळे पुसले, आणि गवताच्या धुळीने पाणी आलं असं सांगितलं.

पुढे ती पट्टी बघण्यासारखी झाली. मुलं क्रिकेट खेळायची. चेंडू उसात गेला की आण्णा तो स्वतः शोधून द्यायचे, कारण मुलांना उसात जायची भीती वाटायची. आगाशेबाई संध्याकाळी खुर्ची टाकून बसायच्या. भांडणं संपली नव्हती, फक्त विषय बदलले होते. मी निवृत्त झाल्यावरही तिकडे जायचे. माई भाकरी बांधून द्यायच्या आणि आगाशेबाई मला बस स्टॉपवर सोडायच्या.

मग आण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ट्रॅक्टरचा क्लच दाबायला डॉक्टरांनी मनाई केली. मुलगे आपापल्या धंद्यात, त्यांना वेळ नव्हता. पावसाळा संपत आला तसं गवत गुडघ्याच्या वर आलं. एक दिवस आगाशेबाईंचा मला फोन आला. सरळ विचारलं, "माझ्या वयाच्या बाईला ट्रॅक्टर शिकता येतो का?"

मी म्हटलं, "गाडी येते ना?"

"गाडी येते. ट्रॅक्टरला मागे शेपूट आहे, त्याचं काय?"

आण्णांनीच शिकवलं. पट्टीच्या कडेच्या बाभळीखाली खुर्चीत बसून, काठीने दाखवत. लिफ्ट कशी उचलायची, वळताना यंत्र आधी वर घ्यायचं, चढावर घाई करायची नाही. त्या चुकल्या की ते रागावत नसत, फक्त काठी जमिनीवर आपटत. बाई बी एखाद्या बैलासारखी शांतपणे शिकते, असं त्यांनी माझ्याजवळ कौतुकाने सांगितलं. मी ते आगाशेबाईंपर्यंत पोचवलं नाही.

गेल्या वर्षी आण्णांच्या मुलांनी पट्टी विकायचं ठरवलं. ऊस राहील, ही कोरडी पट्टी कशाला ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. आण्णांनी फार वाद घातला नाही. सह्या झाल्या, ताबा द्यायचा दिवस ठरला. आगाशेबाईंना गॅलरीतून दिसणारं सगळं आता जाणार होतं, पण त्या या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी ते फार होतं.

ताब्याच्या आदल्या दिवशी आण्णांनी मला बोलावून घेतलं. मी गेले तर ट्रॅक्टर बाहेर काढलेला, मल्चर जोडलेला आणि आगाशेबाई हातमोजे घालून उभ्या. रान कापायचं होतं. मोठा मुलगा हात जोडून सांगत होता, "आण्णा, उद्या जेसीबी येणार हाय. सगळं उकरून टाकणार. आता कापून काय उपेग?"

आण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. म्हणाले, "लेक सासरी धाडताना तिची वेणीफणी करून धाडतो का न्हाई आपण? पुढं तिथं काय व्हईल ते व्हईल."

मुलाने स्वतः जाऊन शाफ्टला ग्रीस भरलं आणि कव्हर नीट बसलंय का ते बघितलं.

आगाशेबाईंनी यंत्र खाली टेकवलं. भिंतीपासून सुरू करून उसाच्या बांधापर्यंत, एकेक फेरी, मधे कुठे न सोडता. माई, मी आणि आण्णा बाभळीखाली बसलो होतो. आण्णा प्रत्येक फेरीबरोबर मान फिरवत होते. सगळं झाल्यावर इंजिन बंद झालं आणि एकदम खूप शांत वाटलं. आगाशेबाई खाली उतरल्या, घामाघूम, केसांत भुगा. आण्णांजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "झालं का नीट?"

आण्णांनी डोळ्यांवर हात धरून सगळ्या रानावरून एकदा नजर फिरवली. मग काठी उचलून लांब दाखवली.

"त्या कोपऱ्यात एक झुपका ऱ्हायलाय."

आगाशेबाई परत ट्रॅक्टरवर चढल्या.